रोड फायटरला फाटा नव्हता

आपल्याकडे पत्ता सांगायचा तर गावाच्या आधी फाटा येतो. अमुक फाट्यावर उतरा, तिथून आत या. एस.टी.चा कंडक्टर फाट्याच्या नावानं आवाज देतो. चहाची टपरी फाट्यावर, पंक्चरवाला फाट्यावर, लग्नाच्या बॅनरची गर्दी फाट्यावर आणि गावातली निम्मी पंचायतही तिथंच. गावाकडच्या माणसाला रस्ता आठवतो तो त्याला फुटलेल्या फाट्यांवरून.

आज मात्र लिहायचंय ते गाडीच्या व्हिडिओ गेमबद्दल. हसू नका मंडळी. कर्जमाफी, सोयाबीनचा भाव, पीकविमा हे विषय सोडून हा माणूस गेमवर कायले घसरला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. या खेळाचा इतिहास आपल्या रस्त्यांच्या, कायद्यांच्या आणि पोरांच्या इतिहासाला चिकटलेला आहे.

सुरुवात जऊळक्यापासून करू. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. अकोला–वाशिम–पूर्णा लाइनवर स्टेशन आहे म्हणून नाव जऊळका रेल्वे. ही लाइन अनेक वर्षं मीटरगेज होती. जयपूरपासून आंध्रापर्यंत जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच अरुंद रुळांवरून धावायची. २००८ साली अकोला–पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला. वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे नव्वदच्या दशकात या भागात वाढलेली पोरं शाळेत गेली तेव्हा ‘जिल्हा अकोला’ लिहायची आणि शाळेतून बाहेर पडली तेव्हा ‘जिल्हा वाशिम’. याच पिढीच्या हातात टीव्ही गेम आला.

टीव्ही गेम हे आपलं नाव. मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम, १९८३ सालचं. आपल्याकडे ते फार थोड्यांनी पाहिलं. आपल्याकडे आल्या त्याच्या नकला. ‘मीडिया’ आणि ‘समुराई’ ही नावं चाळिशीच्या आसपासच्या माणसाला आजही आठवतील. त्यानंतर तर नाव-गाव नसलेले चायना डबे शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचले. असली यंत्र आणायचं तर आयात शुल्कानं किंमत आभाळाला भिडायची. नकली डबा मात्र मामानं सुट्टीत आणून द्यावा इतका स्वस्त होता. जुन्या यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपांचं काम पुढं एकाच चिपमध्ये बसवता आलं, म्हणून तो आणखी स्वस्त झाला. डब्याला पिवळी कॅसेट, दोन रिमोट आणि एक वायर. टीव्हीचं चॅनल फिरवत फिरवत मुंग्यांमधून चित्र पकडायचं. नाही लागलं तर कॅसेट काढून फुंकर मारायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’. आत मोजून पंधरा-वीस खेळ, तेच नाव बदलून परत परत. भारतीय ग्राहकाची पहिली डिजिटल फसवणूक म्हणता येईल तिला, आणि आपण ती हसत हसत सहन केली.

ज्याच्या घरी डबा, त्याच्या घरी गल्ली गोळा व्हायची. ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी तासावर गेम खेळायला देणारे होते. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत एक टीव्ही, एक डबा, भिंतीवर घड्याळ. घड्याळाकडे बघणारं पोरगं वेगळं आणि खेळणारं वेगळं. मारियो, कॉन्ट्रा आणि गाडीचा गेम, ही त्रिमूर्ती.

गाडीचा गेम म्हणजे ‘रोड फायटर’. कोनामी कंपनीनं १९८४ साली तो आधी नाण्याच्या मशीनसाठी काढला आणि पुढच्या वर्षी फॅमिकॉमवर आणला. लाल गाडी, वरून दिसणारा रस्ता. एका बटणानं गाडी बेताची पळते, दुसऱ्यानं थेट चारशेचा वेग. समोरून येणाऱ्या गाड्यांत काही सरळ चालतात, काही मुद्दाम अंगावर येतात. ट्रकला धडकलात तर गाडी खलास. तेलाच्या डागावर गाडी घसरते. पेट्रोल सतत कमी होत जातं, ते वाढवायचं तर एक रंगीत गाडी पकडावी लागते. बराच वेळ न धडकता गेलात तर रस्त्याच्या कडेनं एक उडता माणूस जायचा. तो कंपनीचा ‘कोनामी मॅन’ होता. आपल्यासाठी तो सुपरमॅनच.

या खेळात स्टेशन नव्हतं, गाव नव्हतं, वळून बघावं असं काही नव्हतं. कडेला झाडं यायची, पाणी यायचं, पण तिकडे जायची सोय नाही. कडेला लागला की स्फोट. रस्ता एकच आणि तो वर जाणारा.

हे असं का? कारण सोपं आहे. गाडी पडद्यावर खालच्या भागात राहते आणि मागचं चित्र खाली सरकत जातं. त्या काळच्या यंत्राला जमणारी ही सगळ्यात स्वस्त युक्ती होती. ती आली १९७४ साली. जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पीड रेस’ हा खेळ तोमोहिरो निशिकादो यांनी बनवला. हेच निशिकादो पुढं १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवून जगप्रसिद्ध झाले. त्याच १९७४ साली अमेरिकेत अटारीनं ‘ग्रॅन ट्रॅक १०’ काढला, त्यात अख्खा ट्रॅक एकाच पडद्यावर होता. १९८२ साली नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’नं कॅमेरा गाडीच्या मागं आणला आणि जपानच्या फुजी स्पीडवेवर पळायला लावलं. तिथंही ट्रॅक ठरलेलाच. गोल फिरा आणि घड्याळाला हरवा.

मग १९८६ साली एका माणसानं या खेळाला फाटा फोडला. त्याचं नाव यू सुझुकी, कंपनी सेगा, खेळ ‘आउट रन’. सुझुकींच्या मनात आधी अमेरिकेचा रस्ता होता. पण मैलोन् मैल तेच ते, फार मोठा आणि रिकामा प्रदेश, म्हणून तो विचार त्यांनी सोडला. मग ते युरोपात गेले, भाड्यानं गाडी घेतली आणि जर्मनीपासून फ्रान्सच्या किनाऱ्यानं इटलीपर्यंत भटकले. रस्ते, घरं, डोंगर, समुद्र टिपत गेले. त्यातून खेळ आला. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो, डावीकडे की उजवीकडे हे तुम्ही ठरवायचं. एकूण १५ टप्पे, पण एका खेळात त्यातले पाचच दिसतात. शेवटची ठिकाणंही पाच. म्हणजे एकदा खेळून संपला तरी दोन तृतीयांश जग बघायचं बाकी. सुझुकी म्हणायचे की हा शर्यतीचा नव्हे, गाडी चालवण्याचा खेळ आहे. सुरू करायच्या आधी रेडिओवर गाणं निवडायची सोय होती. लांबच्या प्रवासाला निघताना आपला ड्रायव्हर कॅसेट निवडतो, तसंच.

जिंकण्यासाठी पळायचं की बघण्यासाठी पळायचं, हा या खेळांतला खरा फरक. पहिल्या प्रकारात रस्ता म्हणजे अडथळा, दुसऱ्यात रस्ता म्हणजे मुलूख. पुढच्या वर्षांत ही दुसरी वाट रुंद होत गेली. १९९६ च्या ‘सॅन फ्रान्सिस्को रश’मध्ये ट्रॅकला चोरवाटा होत्या, ज्याला सापडल्या तो पुढं. १९९९ च्या ‘मिडटाउन मॅडनेस’मध्ये शिकागो शहर पोरांसमोर मोकळं सोडलं होतं. शर्यत लावा नाहीतर नुसते हिंडा. २००६ च्या ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’मध्ये हवाईचं ओआहू नावाचं अख्खं बेट फिरता यायचं. आज ‘रेट्रो’ म्हणून जुन्या ढंगाचे जे नवे गाडीचे गेम निघतात, त्यांत ठोकळ्यांची चित्रं जुनी असतात, पण ट्रॅकवर शोधायला बरंच काही ठेवलेलं असतं. लोकांना जुनं रूप हवं आहे आणि सोबत फाटेही.

आता परत आपल्या डब्याकडे. त्याच पिवळ्या कॅसेटमध्ये ‘एक्साइटबाइक’ होता. तो मोटारसायकलचा, पण त्यात ‘डिझाइन’ नावाचा एक पर्याय होता. त्यात गेलं की स्वतःचा ट्रॅक बनवता यायचा. इथं उंचवटा, इथं चिखल, इथं उडी. १९८४ सालच्या खेळात ही सोय! पण बनवलेला ट्रॅक जपून ठेवायचा तर टेपरेकॉर्डरसारखं एक वेगळं यंत्र लागायचं आणि ते फक्त जपानात विकलं गेलं. म्हणजे आपल्या पोरांनी बनवलेला प्रत्येक ट्रॅक डबा बंद केला की पुसला जायचा. आणि डबा बंद करायला आईची गरज नव्हती, लाइन होती ना. विदर्भातल्या खेड्यांनी भारनियमन कसं सोसलं ते वेगळं सांगायला नको. दिवसातले बारा-बारा तास वीज नाही. या भागातल्या पोरांनी रस्ते बनवले नाहीत असं कुणी म्हणू नये. बनवले होते. ते जपून ठेवायची व्यवस्था नव्हती.

हे वाक्य मला फक्त गेमपुरतं वाटत नाही. पुढं येतोच त्यावर.

शहरांत आणि तालुक्यांत व्हिडिओ गेम पार्लर निघाली तेव्हा सरकारचं लक्ष गेलं. कशासाठी? दोन गोष्टींसाठी, कर आणि पोलीस. १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याखाली आपल्या राज्यात व्हिडिओ गेमच्या मशीनवर शुल्क बसलं. सिनेमाचं तिकीट, तमाशाचा तंबू आणि गाडीचा गेम एकाच कायद्यात. पुढं १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करमणूक कराचं ते जुनं खातं त्यात विरलं. पोलिसांचा भाग वेगळा. काही पार्लरांत खेळाच्या नावाखाली खरोखर पैशाची मशीनं चालायची, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९५ साली एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की व्हिडिओ गेमच्या धंद्याला परवान्याची अट घालणं सरकारच्या अधिकारात बसतं. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हे त्या त्या खेळाकडे बघून ठरवायचं.

कोर्टानं फरक करायला सांगितला. समाजानं तो केला नाही. आपल्याकडे ‘गेम खेळतो’ याचा अर्थ ‘वाया गेला’ असाच राहिला. मटक्याचा आकडा लावणारा आणि रोड फायटरची चौथी लेव्हल पार करणारा एकाच माळेत. पार्लर बंद झालं की गावाला हायसं वाटायचं. पण ते बंद करून पोरांना दुसरं काय दिलं? मैदान? वाचनालय? संध्याकाळी चारपाच पोरांनी एकत्र बसावं अशी कोणती जागा दिली?

शर्यतीबद्दलचा सरकारी गोंधळ आपल्याला नवा नाही. आपल्या वऱ्हाडात शंकरपट आहे. बैलजोडीची ती शर्यत मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बंद झाली. राज्यानं २०१७ ला कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी आली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. नऊ वर्षं गावं भांडली, कारण शंकरपट आपला आहे असं गावाला वाटत होतं. बैलांच्या बाबतीत कोण बरोबर हा वाद आज नको. पण गेम पार्लरसाठी कुणी एक निवेदनही दिलं नसेल. पोरांचा खेळ कधी कुणाचा ‘आपला’ झालाच नाही.

मग खेळ कुठं गेला? आधी सायबर कॅफेत गेला. तिथं ‘रोड रॅश’, ‘नीड फॉर स्पीड’, ‘व्हाइस सिटी’. नंतर थेट खिशात गेला. आता खोलीत पाच पोरं नसतात, पाच खोल्यांत पाच पोरं असतात. आणि त्या मोबाइलवर गाडीच्या गेमच्या शेजारी पैसे लावायची ॲपं येऊन बसली, क्रिकेटपटू आणि नटांच्या जाहिराती घेऊन. पार्लरचं शटर दिसायचं, ते ओढता यायचं. हे शटर दिसेना. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशाचे खेळ, त्यांच्या जाहिराती, त्यांचे बँक व्यवहार बंद. ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे खेळ वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन. १९९५ साली कोर्टानं जो फरक करायला सांगितला, त्याच्या दिशेनं संसद तीस वर्षांनी आली. मधल्या काळात किती घरं बुडाली याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या गावात करावा.

याच काळात एक गंमत झाली, तिच्याकडे फार जणांचं लक्ष नाही. २०१७ साली इंडोनेशियातल्या ‘मालेओ’ कंपनीनं ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ नावाचा मोबाइल गेम काढला. त्यात बसचा रंग आणि नक्षी आपल्या मर्जीनं बदलता येते. आपल्या पोरांनी काय केलं? लालपरी बनवली. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेल्या एस.टी.ची नात आज मोबाइलवर धावते, पण जावा बेटाच्या रस्त्यावर. बस आपली, पाटी आपली, भोंगा आपला. रस्ता परका.

का? कारण आपले रस्ते कुणी गेममध्ये घातलेच नाहीत. मेहकरचा घाट नाही, कारंज्याची गल्ली नाही, पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी नाही, जऊळक्याचं स्टेशन नाही. बनवणारे महाराष्ट्रात नाहीत असं नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’नं २०२० साली ‘राजी’ काढला, जगानं कौतुक केलं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. चांगली गोष्ट आहे. पण वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. या धोरणातलं एखादं प्रशिक्षण केंद्र मुंबई-पुणे सोडून वाशिमच्या आयटीआयपर्यंत येणार का, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारलाच पाहिजे. ज्या पोरानं मोबाइलवर लालपरीचा रंग हुबेहूब बसवला, त्याला कौशल्य नाही असं कोण म्हणेल? त्याच्या ट्रॅकलाही जपून ठेवणारी व्यवस्था नाही, एवढंच. चाळीस वर्षांपूर्वीच्या ‘एक्साइटबाइक’सारखंच.

आता रस्त्यावर येतो, खऱ्या रस्त्यावर.

मालेगाव तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. एकूण ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला तो पूर्ण झाला. नागपूर-मुंबईवाल्यांचा वेळ वाचला, ॲम्ब्युलन्सचा वाचला, माल लवकर पोचतो. हे मान्य करूनच पुढं बोलतोय. पण या रस्त्याची रचना बघा. दोन्ही बाजूंनी बंद, ठराविक ठिकाणीच चढायचं आणि उतरायचं. मोटारसायकल, ऑटो, ट्रॅक्टर यांना बंदी. आता सांगा, आपल्या गावांत किती घरांसमोर चारचाकी उभी आहे? गावातल्या बहुतेक पोरांसाठी हा रस्ता पुलावरून बघायचा आहे. खाली गाड्या १२० च्या वेगानं सरकतात, कडेला कुणी थांबत नाही. वरून दिसणारा सरळ रस्ता, खाली सरकणारं चित्र.

ओळखलं ना? हा रोड फायटर आहे. खेळणारे मात्र दुसरे.

आणि सरळ रस्त्याचा धोका सुझुकींना गेम बनवतानाच कळला होता. एकसारखा, रिकामा रस्ता माणसाचं लक्ष धरून ठेवत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले. त्या अपघाताची कारणं हा तपासाचा भाग, त्यावर इथं निकाल द्यायचा नाही. पण या महामार्गावरच्या अपघातांच्या चर्चेत ‘रस्त्याचं संमोहन’ हा शब्द मराठी पेपरांत रुळला. तासन् तास तेच ते बघून ड्रायव्हरचे डोळे उघडे राहतात आणि मन झोपतं. फाटा नुसता वळण्यासाठी नसतो. फाटा माणसाला जागं ठेवतो. थांबायला लावतो, चहा पाजतो, विचारतो, ‘कुठून आले भाऊ?’

माझं म्हणणं समृद्धी उखडा असं अजिबात नाही. म्हणणं एवढंच, की रस्त्याचा हिशेब नुसता मिनिटांत करू नका. महामार्गाला खर्च होतो तेव्हा त्याला लागून असलेल्या गावांचे आडवे रस्तेही त्याच हिशेबात धरा. २०२१ साली पांदण रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं योजना आली. आपल्या गावात तिच्यातून किती पांदणी मोकळ्या झाल्या, किती अजून अतिक्रमणात आहेत, किती पावसाळ्यात गुडघाभर चिखलात आहेत, हे ग्रामसभेत विचारा. सोयाबीनची गाडी महामार्गावर नंतर जाते, आधी तिला पांदणीतून निघावं लागतं.

गेमच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचा सारांश मला असा दिसतो. यंत्र गरीब होतं तेव्हा रस्ता सरळ होता. यंत्राला ताकद आली तशी बनवणाऱ्यांनी ती ताकद फाटे, चोरवाटा, गल्ल्या आणि मुलूख दाखवायला खर्च केली, कारण खेळणाऱ्याला तेच हवं होतं. आपण खऱ्या जगात उलटं केलं. गरीब होतो तेव्हा बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, पांदणी होत्या, दर चार कोसाला फाटा होता. पैसा आला तेव्हा तो आधी सरळ रस्त्याला लावला.

ज्या पिढीनं पुसले जाणारे ट्रॅक बनवले ती आज चाळिशीच्या आसपास आहे. सरपंच आहे, शिक्षक आहे, तलाठी आहे, ठेकेदारही आहे. टेबलाच्या त्या बाजूला आता आपणच बसलोय. गावातल्या संध्याकाळच्या एका खोलीला, एका संगणकाला, एका मोकळ्या पांदणीला मंजुरी द्यायची सही आपल्यातल्याच कुणाच्या तरी हातात आहे.

तुमच्या गावात टीव्ही गेम पहिल्यांदा कुणाकडे आला होता, आणि तुमच्या गावची पांदण आज कोणत्या अवस्थेत आहे? दोन्ही लिहा. पहिल्याला नाव नको, दुसऱ्याला गट नंबरासकट लिहा.